लिंबू-मीठ लावून जुनी नाणी घासू नका

‘जमिनीत सापडलेलं नाणं लिंबू-मीठ लावून घासा, लख्ख होईल आणि किंमतही वाढेल’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

तांब्याच्या नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. जमिनीत धातू हळूहळू बदलत जाऊन तो तयार होतो. बऱ्याचदा अक्षरांचे बारीक उठाव त्या थरातच टिकलेले असतात. आम्लाने थर गेला की अक्षरंही जातात, आणि खाली उरतो खड्डे पडलेला गुलाबी तांब्याचा तुकडा. त्यात मीठ तर फारच वाईट. मिठातलं क्लोराइड धातूत शिरतं, दमट हवेत तांबं आतून खात राहतं. नाण्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर हाच रोग समजा. असं नाणं कोरडं आणि इतर नाण्यांपासून वेगळं ठेवा.

मग अशी भुकटी नसलेल्या, मातीने माखलेल्या नाण्याचं करायचं काय? डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी रोज बदला, सुटलेली माती लाकडी टूथपिकने अलगद काढा. तारेचा ब्रश नको, टूथपेस्टही नको. तिच्यात घासणारी पूड असते.

ओळखायला चकाकी लागतच नाही. वजन आणि व्यास मोजा, टॉर्च बाजूने तिरका धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या नाण्यावर अक्षरांच्या सावल्या उमटतात. त्याच उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून जाणकाराला दाखवा, तेही साफसफाईच्या आधी.