खुलासा : पसायदान हे गीतेतील श्लोकांचे भाषांतर नाही

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या आणि वाचनकट्ट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'पसायदान म्हणजे गीतेच्या शेवटच्या नऊ श्लोकांचे मराठी भाषांतर, कृष्णाने अर्जुनाला दिलेला आशीर्वाद.' हे खरे नाही.

गीतेचा अठरावा अध्याय 78 श्लोकांचा आहे आणि तो कृष्णाच्या नव्हे, संजयाच्या बोलण्याने संपतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, गीता ज्यात येते ते भीष्मपर्व काढून पाहा, शेवट तोच आहे. विनोबांची 'गीताई' तर श्लोकास श्लोक अशी रचलेली. तिच्यातही पसायदान नाही.

ते आहे ज्ञानेश्वरीच्या शेवटी, नऊ ओव्यांत. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9,000 ओव्या लिहिल्या. ही टीका म्हणजे भाष्य आहे, स्वतंत्र प्रतिभेचे. ती पुरी झाल्यावर 'आतां विश्वात्मकें देवें' म्हणत त्यांनी स्वतः मागणे मागितले, आणि तेही दुष्टांचा नाश व्हावा असे नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे. याच समारोपात, पसायदानानंतर थोड्याच ओव्यांनी, शके 1212 म्हणजे इ.स. 1290 हे रचनेचे सालही येते. हे मागणे भाषांतर ठरवले की ज्ञानेश्वरांचे सगळ्यात मोठे शब्द त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखे होते. मला ते फार लागते.

मेसेज पाठवणाऱ्यांचा भाव चांगलाच आहे, यात शंका नाही. तरी कृपया तो पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.