भाऊ, एकच पिन आहे जी

गाव सुधारायचं ठरलं की सगळ्यात आधी चौक सापडतो. नाल्या तुंबलेल्या असो, पाणी चौथ्या दिवशी येवो, तलावात गाळ असो, निधी आला की तो बसस्टँडवर उतरून सरळ चौकातच येते. आमच्या तालुक्याच्या गावात तेच झालं. 2015 च्या आसपास राज्यभर तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या तेव्हा आमच्याही ग्रामपंचायतीची पाटी बदलली, सरपंचाच्या जागी अध्यक्ष आले, 17 नगरसेवक आले, आता 17 नगरसेवक म्हणजे 17 वाढदिवस आणि 17 वाढदिवस म्हणजे 17 फ्लेक्स, मग फ्लेक्सच्या मागे काहीतरी चांगलं दिसलं पाहिजे का नाही? म्हणून चौकाचं सौंदर्यीकरण.

त्या चौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म, पासपोर्ट फोटो, जे म्हणाल ते. नव्या चौकाच्या नकाशात माझं दुकान एका कोपऱ्यात 'विद्यमान बांधकाम' म्हणून दाखवलं होतं, एवढुसं. पण आज तो अख्खा चौक माझ्या दुकानातल्या एका सॉकेटवर चालू आहे. त्याचं सांगतो, पण आधी निंबाचं सांगू द्या.

चौकाच्या मधोमध निंब होता आणि त्याला दगडी पार. आमचे आबाजी कापसाची बंडी जिनिंगवर नेताना याच निंबाखाली बैल सोडायचे आणि भाकर खायचे. आता शहरी भागातल्या झाडांचा कायदा असा आहे की झाड 50 वर्षांचं किंवा त्याच्या वरचं असलं की ते हेरिटेज, मग ते तोडायला लय सोपस्कार, आणि जे झाड तोडाल त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, 2021 मधली सुधारणा आहे ही, मीच तिची प्रिंट काढून दिली होती. तर कागदावर आमच्या निंबाचं वय निघालं 48. मी म्हणलं साहेब, आमचे आबाजी जाऊन 30 वर्षं झाली, ते तरुणपणी ज्या झाडाखाली जेवले ते झाड त्यांच्या म्हातारपणी लागलं का? साहेब म्हणाले, "तुमच्या आबाजींची नोंद आहे का काही?" आता निंबाखाली भाकर खाल्ल्याची नोंद कोण करते बाप्पा.

48 झाडं लावली मात्र. म्हणजे 48 ट्री-गार्ड लावले, त्यावर सौजन्य म्हणून नावं पण आहे. आत पाहिलं तर पाहणाऱ्याची चूक.

निंबाच्या जागी फायबरचं नारळाचं झाड आलं, त्याला हिरव्या-निळ्या एलईडी. आमच्याकडे नारळ फक्त देवळात फुटताना पाहिलेला, झाडावर लागलेला तर निम्म्या गावानं कॅलेंडरातच पाहिला असेल. बाकी सगळीकडे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ब्लॉक. कारंजं बसवलं, त्याच्याभोवती गुळगुळीत टाइल, आणि स्टीलचे बाक. आमच्या इकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, त्या बाकावर दुपारी बसलेला माणूस मी अजून पाहिला नाही, बसायला गेलेले आणि ताडकन उठलेले बरेच पाहिले. इंग्रजीत 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव, असा सेल्फी पॉइंट पण आहे, त्याच्या लाल बदामाच्या मागे पोट्टे खर्रा घोटत बसतात, तेवढीच सावली उरली आहे चौकात.

मग लोकार्पणाच्या आदल्या रात्री लक्षात आलं की एवढ्या सगळ्यात विजेचा पॉइंटच नाही. एस्टिमेटमध्ये बसला नाही म्हणे. नळ पण नाही बसला, मुतारी पण नाही बसली, पण त्या दोन गोष्टींशिवाय फीत कापता येते. झाड पेटल्याशिवाय फोटो येत नाही. कंत्राटदाराचा पोरगा वायरचं भेंडोळं घेऊन माझ्या शटरसमोर उभा.

"भाऊ, एकच पिन आहे जी. उद्यापुरती."

तो उद्या अजून संपून राहिला नाही.

आता झालं काय, चौक तर झाला पण चौकात माणूस येईना. साहजिकच आहे, सावली गेली, पार गेला, आणि पाराजवळ आलुबोंडे तळणाऱ्या काकू होत्या त्यांना 'चौकाच्या शोभेला बाधा' म्हणून बसस्टँडच्या मागे पाठवलं. काकूंच्या बोंड्यावरची तर्री खायला म्हणून लोक थांबायचे, थांबले की बोलायचे, बोलता बोलता दोन झेरॉक्स काढायचे, असा तो सगळा व्यवहार होता. काकू काही ऐकणाऱ्यातल्या नाही. फेरीवाल्यांचा 2014 चा केंद्राचा कायदा आहे, त्यात शहराच्या विक्रेता समितीत किमान 40 टक्के फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी पाहिजेत असं लिहिलं आहे, ते मी त्यांना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "मंग मले काहून नाही बोलावलं कोणी? मी काय विमानात बसून बोंडे विकतो?" अर्ज केला, पोच घेतली, पोचीची झेरॉक्स काढली, ती लॅमिनेट करून आता बोंड्याच्या परातीमागे टांगली आहे.

चौकात लोक येत नाही म्हणल्यावर कमिटी बसली आणि ठरलं की लोकांना आणायला कार्यक्रम घ्यायचे. आधी तिथं लोक बिनकार्यक्रमाचे बसायचे हे कोणी काढलंच नाही. मग सुरू झालं, बचत गटाचा मेळावा, रांगोळी स्पर्धा, खेळ पैठणीचा, फूड फेस्टिव्हल. फूड फेस्टिव्हलमध्ये काकूंना स्टॉल मिळाला, भाडं भरून, त्यांच्या जुन्याच जागेवर. स्टॉलला बल्ब पाहिजे. बल्बला पिन पाहिजे. काकूंना तर नाही म्हणता येत नाही, उधारी माझ्याकडेच आहे.

प्रत्येक कार्यक्रमाचं स्टेज माझ्या शटरला पाठ लावून उभं राहते, कारण वायर कमी लागते. म्हणजे धंदा बंद आणि मीटर चालू. डेकोरेशनवाला येतो, साउंडवाला येतो, एक पोरगा तर नुसता मोबाइल चार्ज करायला येतो आणि पासवर्ड पण मागतो. मी सांगून पाहिलं की बाबाहो, कार्यक्रमासाठी तात्पुरतं कनेक्शन रीतसर मिळते, अर्ज करा, डिपॉझिट भरा, माझं मीटर कमर्शियल आहे, त्याचा युनिटचा रेट घरापेक्षा जास्त असते. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, सामाजिक काम आहे हे." खंजेरी भजन स्पर्धेला मला वाटलं चला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची परंपरा, खंजेरीला कुठे करंट लागते! तर साउंडवाल्यानं एका खंजेरीमागे एक माइक लावला, वर एको. 'जागे व्हा' म्हणणारं भजन चालू असताना माझा झेरॉक्स कमी व्होल्टेजनं झोपी गेला.

पोळा दरवर्षी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत भरायचा. यंदा अध्यक्ष म्हणाले एवढा चौक केला तं पोळा तिथंच. सकाळी भुरभुर पाऊस आला होता. बैलांना नाला ठोकलेल्या, पाठीवर झूल, शिंगाला बेगड, आणि पायाखाली ती कारंज्याभोवतीची गुळगुळीत टाइल. पहिल्या जोडीतला धुऱ्याचा पांढरा बैल टाइलवर पाय ठेवायचा, पाय हळूच पुढे सरकायचा, तो पाय मागे घ्यायचा आणि मालकाकडे पाहायचा. असं तीनदा. मग जो बसला तो बसलाच, तोरणाच्या बरोबर खाली, उठायला तयार नाही. मागच्या सगळ्या जोड्या थांबल्या. एवढ्यात मागून एका बुढ्यानं झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते चिमटे काढणारं गाणं, सोडली:

"निंब कापला, पार तोडला, गट्टू लावले चौकात,
बैल म्हणे धन्याले बाप्पा, घसरण आली नशिबात!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

अध्यक्षांनी पण 'हर हर महादेव' म्हणलं, काय करता, माइक त्यांच्याच हातात होता. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 मध्ये लहान पोरांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला म्हणतात, त्यांच्या वेळी गट्टू नव्हते हे नशीब. लाकडी बैलाचं चाक दोन गट्टूंच्या फटीत बरोबर बसते, पोरगं दोरी ओढते, बैल पुढे आणि चाक मागे. गल्लीत बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिशी, मागत फिरणारी पोट्टी त्या दिवशी माझ्या दुकानात फेविक्विक मागत होती.

मग 26 जानेवारीला माझा सत्कार ठेवला. 'चौकाच्या विकासात मोलाचा वाटा' म्हणून शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र. सन्मानपत्र माझ्याच दुकानातून छापून गेलं होतं, त्याचे पैसे बाकी आहेत. मी स्टेजवर, माझ्या शटरला पाठ लावून, पाहुणे बोलून राहिले की या चौकानं गावाला नवी ऊर्जा दिली, आणि 'ऊर्जा' म्हणता म्हणता माइक गेला. झाड गेलं. काकूंचा बल्ब गेला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एमसीबी ट्रिप झाली होती आणि दुकानाची चाबी माझ्या खिशात. शाल सांभाळत, नारळ काखेत धरून मी स्टेजच्या मागून वाकून गेलो, शटर अर्धं वर केलं, बटन वर केलं. बाहेर टाळ्या पडल्या. सत्काराला पडल्या नव्हत्या एवढ्या.

परत येऊन बसलो तर अध्यक्ष दुसऱ्या टप्प्याची घोषणा करत होते, आता कारंजं म्युझिकल होणार. बाजूला बसलेले इंजिनिअर साहेब माझ्या कानाशी वाकून विचारून राहिले, "तुमचं मीटर सिंगल फेज आहे का थ्री फेज?"