व्हॅक्यूम येईना, दार उघडेना

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये साडेतीन मुहूर्त सोडले तर बाकी सगळे दिवस काही ना काही बंदच असतं. लिफ्ट बंद असली की लोक जिने चढतात, एसी बंद असला की खिडक्या उघडतात. अल्ट्रा अडला की मात्र माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात, कारण त्याच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर ‘इन्चार्ज’ म्हणून माझं नाव आहे. ते तिथे कोणी टाइप केलं याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

अल्ट्रा म्हणजे अल्ट्रासेंट्रिफ्यूज, नळ्यांमधला नमुना गरागरा फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र. मिनिटाला चाळीस हजार फेऱ्या. त्या वेगाला रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, टांगलेल्या नळीचं बूड सेकंदाला सहाशे मीटरहून जास्त अंतर कापतं, म्हणजे आवाजालाही मागे टाकतं. आत हवा असेल तर घर्षणाने सगळं तापायचं आणि आत ठेवलेल्या रायबोसोमांचं, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कणांचं, कालवण व्हायचं. स्वेडबर्ग या शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालाला अल्ट्रा बांधला तेव्हा त्याने आत हवेऐवजी हायड्रोजन भरला होता. पुढे अमेरिकेत बीम्स आणि पिकल्स यांनी फिरणारा भाग सरळ निर्वातातच ठेवला. दोघांचे उपकार आहेतच, पण व्हॅक्यूम येत नाही म्हणून फोन येण्याची सुरुवातही तिथूनच झाली.

जुलै महिना. पुण्यात बाहेर वाळत घातलेला टॉवेल आत आणताना जास्त ओला लागतो, ते दिवस. अल्ट्राने तीन हजार फेऱ्या गाठल्या आणि तिथेच थांबला. पुरेसा व्हॅक्यूम आल्याशिवाय तो वेग वाढवत नाही, आणि आतल्या दाबाचा आकडा काही खाली येईना. लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा हा तीन हजारांवर अडून बसलेला, आणि भोवती समजूत काढणारी मंडळी.

पीएचडीच्या मुलीने विचारलं, "मॅडम, बंद करून परत चालू करू का?" पोस्टडॉकने न पाहताच निदान केलं, "पंप गेला." सर दारातूनच म्हणाले, "नवीन घ्यायचा तर टेंडर काढावं लागेल," आणि टेंडर या शब्दाच्या धास्तीनेच बहुतेक, तिथून निघून गेले. आमचे अटेंडंट मामा म्हणाले, "खंडेनवमीला याच्यापुढचा नारळ नासका निघाला होता, मी तेव्हाच बोललो होतो." कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. देखभालीचा करार संपलेला असल्यामुळे फोनवरचा सल्ला एवढाच पदरात पडणार होता. "मॅडम, गॅस्केट साफ केलं?" यंत्रातून धूर निघाला तरी हा माणूस आधी हेच विचारेल.

पण एक खरं, बहुतेक वेळा तो बरोबर असतो. गॅस्केट, म्हणजे दाराखालची ती काळी रबरी रिंग, मी हातमोजा घातलेल्या बोटाने चाचपत गेले. एका जागी ग्रीसचा थर नखाएवढा जाड. ग्रीस इतकंच लावायचं की रबर नुसतं चकाकेल, पण आमच्याकडे ‘थोडं जास्त असलेलं बरं’ ही घरची शिकवण लॅबमध्येही चालते. त्या थरात टिश्यू पेपरचा एक धागा रुतून बसला होता, पापणीच्या केसाएवढा. दार घट्ट बसायला तेवढा अडथळा पुरतो. सगळं पुसलं, नव्याने ग्रीसचा पातळ हात फिरवला. आकडा थोडा उतरला आणि परत अडला.

मग टॉर्च मारून पाहिलं तर चेंबरच्या तळाशी पाणी. रात्री कोणीतरी कूलिंग चालू ठेवून दार उघडं टाकलं होतं. पावसाळी हवा आत शिरली, गार भिंतींवर जमली आणि खाली ओघळली. चार अंशांच्या पाण्याच्या वाफेचा दाब सहा हजार मायक्रॉनच्या वर (मायक्रॉन हे इथे दाबाचं माप). शेवटचा थेंब उडून जाईपर्यंत पंपाने कितीही धाप टाकली तरी आकडा त्याखाली जाणं शक्यच नाही. आत पाणी चार अंशांवर उकळत होतं आणि बाहेर आम्हाला चहा मिळत नव्हता. पंपाच्या काचेतून पाहिलं तर तेलही दुधाळ झालेलं. चेंबर कोरडा केला, तेल बदललं. व्हॅक्यूम आला. मुलीच्या सुक्रोज ग्रेडियंटच्या, म्हणजे वर पातळ आणि खाली दाट होत जाणाऱ्या साखरेच्या द्रावणाच्या, सहा नळ्या चाळीस हजारांवर फिरू लागल्या.

रन संपायला थोडाच वेळ उरला होता तेव्हा लाइट गेली. जनरेटर आहे, पण तो लिफ्टला जोडलाय. आणि लिफ्ट, वर म्हटलं तसं, बंद.

वीज नाही म्हणजे ब्रेक नाही, आणि आत हवाही नाही. रोटर थांबवणारं कोणीच नाही, मग तो आपल्या मर्जीने फिरत राहतो. मामा यंत्राला कान लावून बसले आणि अधूनमधून "फिरतोय" एवढंच सांगत राहिले. शेवटी "थांबला" म्हणाले. तरी आणखी बराच वेळ मी कोणाला हात लावू दिला नाही.

मग पोस्टडॉकने बाह्या सारल्या आणि दाराला हिसका दिला. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर बाहेरची हवा जवळजवळ सव्वा टनाने दाबून बसलेली असते. 1657 मध्ये जर्मनीतल्या माग्देबुर्गला ओटो फॉन गेरिकेने हवा काढलेले दोन अर्धगोल सोळा घोड्यांना ओढायला लावले होते, तेव्हा ते काही सुटले नाहीत. आमच्याकडे एक पोस्टडॉक होता, आणि तोही उपाशी.

मॅन्युअलमध्ये वीज गेल्यावर दार कसं उघडावं ते सगळ्यात शेवटी, वॉरंटीच्या अटींच्या जवळपास दिलेलं असतं. मेन स्विच बंद, प्लग बाहेर, पुढचं पॅनेल काढा, आधी आत हवा सोडा, मगच खिट्टी सरकवा. मी वाचत होते, मामा स्क्रू काढत होते. हवा सुसाट आत शिरली. खिट्टी सरकवली आणि ज्या दाराशी पोस्टडॉक झुंजला होता ते मामांनी एका बोटाने सरकवलं.

नळ्यांमधले वेगळ्या झालेल्या घटकांचे पट्टे मात्र असे रेखीव उतरले होते की मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. ब्रेकच्या हिसक्याने ग्रेडियंट ढवळतो. इथे रोटर आपोआप, हळूहळू थांबला होता. "मॅडम, पुढच्या वेळीपण शेवटी लाइट घालवता येईल का?" मी तिला ब्रेक बंद ठेवायचं बटण दाखवत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी रजिस्टर फडकवत आलं.

"नऊचं बुकिंग माझं आहे. अजून किती वेळ तुमचं?"

लाइट अजून आलेली नव्हती.