‘ओएस डॉट पाथ मेलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या पायथनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ओएस डॉट पाथ कालबाह्य झालं, लवकरच बंद होणार. सगळा जुना कोड पाथलिबवर न्या, फाइल पाथच्या चुकाच संपतील.’ दोन्ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारी, फाइलचा पत्ता म्हणजे पाथ हाताळायची साधनं; ओएस डॉट पाथ जुनं, पाथलिब नवं. आयटी पार्कातली पोरं तो मेसेज वाचून चालता कोड उचकटायला बसलीत, म्हणून हे लिहितोय.

बंद होणार? काहून? पाथलिब 2014 साली पायथन 3.4 सोबत आलं आणि तेव्हापासून दोन्ही शेजारी शेजारी नांदताहेत. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये कुठल्या जुन्या फंक्शनला कुठला नवा पर्याय, याचा तक्ताच दिलाय. शिवाय 3.12 पासून पाथलिब पाथ जोडायचं काम आतून ओएस डॉट पाथकडूनच करून घेतं. मेलेल्याकडून कोणी राबवून घेतं का?

आता ‘सगळा कोड न्या’. खरी गोम इथे आहे. समजा, कळमना मार्केटच्या एखाद्या आडतीसाठी प्रोग्राम आहे आणि संत्र्याच्या आवकेच्या फाइलचं मूळ नाव आहे ‘संत्रा-12.03.2024’. जुना कोड त्याला अधिक चिन्हानं ‘.सीएसव्ही’ हे एक्स्टेंशन (फाइलचा प्रकार सांगणारं शेपूट) चिकटवतो. पाथलिबमध्ये पाथ म्हणजे नुसती अक्षरं नसून ‘पाथ ऑब्जेक्ट’ असतो; त्याला अशी स्ट्रिंग (नुसता मजकूर) जोडता येत नाही, टाइपएरर नावाची एरर येते. मग गडी ‘विथ सफिक्स’ ही एक्स्टेंशन बदलणारी मेथड शोधून काढतो आणि खूश होतो. नाव तयार होतं ‘संत्रा-12.03.सीएसव्ही’. शेवटच्या टिंबापासून पुढचं सगळं एक्स्टेंशन समजलं गेलं, 2024 उडालं. पुढच्या वर्षी 12 मार्चची आवक याच फाइलवर लिहिली जाणार, तीही एकही एरर न येता. आपल्याकडे तारीख टिंबं देऊनही लिहितात, त्यामुळे हे दूरचं उदाहरण नाही. ‘विथ नेम’ वापरून पूर्ण नाव स्वतः दिलं की भागतं. पण जुन्या कोडात ही चूक नव्हतीच, ती बदलताना शिरली.

‘चुका संपतील’ तर सोडूनच द्या. दोन पाथ जोडताना दुसरा भाग स्लॅशनं सुरू झाला, तर लिनक्सवर आधीचा अख्खा पाथ गळून पडतो. ओएस डॉट पाथचं जॉइन हेच करतं, पाथलिबचं जोडायचं स्लॅश चिन्हही हेच करतं.

पाथलिब मला आवडतं. नवा प्रोजेक्ट मी त्यातच लिहितो. आडत्याच्या विंडोज कॉम्प्युटरवरून आलेला पाथ लिनक्स सर्व्हरवर तोडायचा असेल, तर पाथलिबच्या प्युअर-विंडोज-पाथइतकं सुटसुटीत काही नाही. पण लाखो फाइलींचं फोल्डर चाळायचं असेल, तर मी सरळ फोल्डरमधल्या फाइली एकेक करून देणारं ओएस डॉट स्कॅनडिर घेतो. प्रत्येक फाइलमागे नवा पाथ ऑब्जेक्ट बनत नाही आणि ही फाइल की फोल्डर, हे विचारायला बहुतेक वेळा डिस्कवर पुन्हा जावं लागत नाही.