संस्कारांचं नंतर बोलू, आधी रजेचं बोला

आमच्या कुडाळकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद वर्षातून दोन-तीनदा तरी पेटतोच. कुणीतरी सकाळी सकाळी एक मजकूर टाकतं: परदेशात पैसा आहे, यंत्रं आहेत, पण आजारी पडलं तर पाण्याचा पेला द्यायला माणूस नाही, आपल्याकडे चार पैसे कमी असतील, पण माणसं आहेत. त्यावर मुंबईतला एखादा भाचा उसळतो. माणसं आहेत तर परळच्या कॅन्सर रुग्णालयाबाहेर फुटपाथवर चुली मांडून कोण बसलेलं असतं? मग काका-मामा उतरतात, संस्कार निघतात, वृद्धाश्रम निघतात. शेवटी दोन्ही बाजू माझ्याकडे वळतात, कारण मी इंग्लंडात सरे परगण्यात राहतो आणि माझ्या बायकोला लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. मी साक्षीदार. पण माझी साक्ष कुणालाच फारशी सोयीची नसते.

यंत्रणेपासून सुरुवात करतो, कारण तिचं देणं मोठं आहे. लिंफोमाची आमची केमो म्हणजे दर 21 दिवसांनी एक, अशा 6 फेऱ्या. त्याआधी स्कॅन, बायॉप्सी. या सगळ्यात पैशाचा विषय एकदाही निघाला नाही. डिपॉझिट नाही, 'आधी काउंटरवर जाऊन या' नाही. इंग्लंडात कॅन्सरच्या रुग्णाला 2009 पासून औषधाच्या चिठ्ठीचेही पैसे पडत नाहीत. बायकोच्या पर्समध्ये एक कार्ड असे. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्यावरच्या नंबरला रात्री-बेरात्री फोन करायचा आणि निघायचं. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं, असा तिथला दंडक. आम्ही एका रात्री तसे गेलो. पैशाची पिशवी शोधावी लागली नाही, कुणाला उठवून उसने मागावे लागले नाहीत. गावाकडे कुणाची केमो म्हटली की आधी जमिनीचा तुकडा डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रात जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून 5 लाखांवर नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. चांगलंच झालं. पण योजनेत बसणारं रुग्णालय, बसणारा उपचार आणि हातातली कागदपत्रं यांची गाठ पडेपर्यंत घरच्यांचा जीव जातो, हेही ग्रुपवरच वाचतो.

पण यंत्रणेची आरती मी ओवाळणार नाही. मानेतल्या गाठीला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बरेच दिवस 'घशाचा संसर्ग' म्हणत राहिले. तातडीने पाठवलेल्या रुग्णाचा कॅन्सरचा उपचार 62 दिवसांत सुरू व्हावा, असं इथलं उद्दिष्ट आहे. ते देशभरात गेली कित्येक वर्षं पुरं झालेलं नाही. गावी असतो तर सावंतवाडीला एका दिवसात सोनोग्राफी करून घेतली असती, हा विचार तेव्हा दहा वेळा मनात आला.

शिवाय यंत्रणेचं काम संध्याकाळी चारला संपतं. हाताची सुई काढतात, गोळ्यांची पिशवी देतात, आणि पुढचे वीस दिवस तुमचे. पहिले 5 दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी माणसाला झोप येत नाही आणि भूक मात्र राक्षसी लागते. बायको रात्री अडीचला उठून तांदळाचं पीठ कालवायची आणि बिडाच्या तव्यावर घावणे घालायची. डोक्यावर एक केस नाही, अंगात माझा स्वेटर, आणि चेहरा असा की जणू चवथीचे पाहुणे दाराशी आलेत. पाच-सहा घावणे ताटात पडले की म्हणायची, "खा तू, माका वास सोसना नाय." मी खायचो. सकाळी आठची गाडी असायची. सहाव्या दिवशी गोळ्या बंद झाल्या की ती चादरीत पडून राही आणि पेज भरवण्याची मिनतवारी सुरू होई. या तासांसाठी जगातल्या कुठल्याही सरकारकडे खातं नाही. तिथे माणूसच लागतो. ग्रुपवरचे काका इथपर्यंत बरोबर आहेत.

फक्त कुठला माणूस आणि किती दिवस, एवढंच ते विचारत नाहीत.

सासूबाई आल्या. व्हिजिटर व्हिसा, म्हणजे एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने. त्यांना स्वतःला काही झालं असतं तर रुग्णालयाने खर्चाच्या दीडपट बिल लावलं असतं, तसा नियमच आहे. म्हणून मुंबईहून विमा काढून आल्या आणि जिना उतरताना कठडा सोडत नव्हत्या. म्हाताऱ्या आईवडिलांना इकडे कायमचं आणण्याचे नियम 2012 मध्ये इतके आवळले की तो रस्ता जवळपास बंदच आहे. आणि तो रस्ताही ज्याला सेवा हवी त्याच्यासाठी. सेवा करायला येणाऱ्या आईसाठी वेगळा व्हिसा नाही. व्हिसाची तारीख संपत आली तेव्हा उपचार संपले नव्हते. विमानतळावर त्यांनी मला एवढंच सांगितलं की सोलकढीत मिरची घालू नका, तिच्या तोंडाला चट्टे आहेत.

मग कोण होतं? शेजारची इंग्रज बाई. तिच्याशी तोवर आमचं हवामानापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. ती दर बुधवारी आमचे कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायची आणि रिकामे आत आणायची. कशी आहे तब्येत, एवढंही विचारायची नाही. इथल्या मराठी बायकांनी वार वाटून घेऊन डबे दिले. वाराची यादी मात्र त्यांच्यातल्या एकीने सक्तीने लिहून घेतली होती, 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला ती लगेच "गुरुवार की शनिवार?" असं विचारायची. आम्ही जगलो ते त्या बाईच्या खमकेपणावर. आपल्याकडे 'काही लागलं तर सांगा' म्हणून चहा पिऊन जाणाऱ्यांची वानवा नाही, इकडेही नाही.

देशातल्या माणसांशी खटका उडाला तो सांगण्या-न सांगण्यावरून. "तिला कॅन्सर म्हणून सांगू नको हं," असा माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. हाय खाईल म्हणाली. तोवर रुग्णालयाचं पत्र बायकोच्या नावाने येऊन तिने ते दोनदा वाचलं होतं. इथे डॉक्टर आधी रुग्णाशी बोलतात, आणि नवऱ्याने खोलीत बसावं की नाही हेही तिलाच विचारतात. पहिल्यांदा मला ते अपमानासारखं लागलं. आता वाटतं, आपल्याकडे नातेवाईक डॉक्टरला बाजूला घेऊन कुजबुजतात आणि पलंगावरची बाई भिंतीकडे तोंड करून सगळं ओळखून असते, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. तिचं दुखणं, तिचं पत्र.

आता देवाचं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. बायकोच्या माहेरी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं गेलं, आणि सासूबाईंच्या भाच्याने फोन वर धरला होता. इकडे ती सोफ्यावर, पायावर पांघरूण, कानाला फोन. तिकडून बा देवा म्हाराजा, परमुलखात असलेल्या लेकराक... आणि मागून सगळ्यांचं एका सुरात "व्हय म्हाराजा!" ती रडली नाही, पण पुढे प्रत्येक केमोच्या आदल्या रात्री तिला ते ऐकायचं असे. रेकॉर्ड करून ठेवलं होतं. रुग्णालयात एक पाद्रीण बाई वॉर्डात फिरायच्या. रुग्णाला हवी असेल तर प्रार्थना करत, नाहीतर नुसत्या बसत. बायकोने त्यांना 'व्हय म्हाराजा' म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे आमेन असतं. झालं, दोघींचं जमलं.

पण याच माहेरच्या एका काकांनी एक दिवस कौलाचा विषय काढला. केमो घ्यावी की नाही, ते देवीला विचारू. उजवीकडची पाकळी पडली तर घ्यायची. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला. "देवीक इचारुचा असला तर गुण कधी येतलो ता इचारा. औषध घेव की नको, ता इचारू नकात." काकांना राग आला. देवीला आला नसावा.

महाराष्ट्रात श्रद्धा-अंधश्रद्धेची चर्चा गेली कित्येक वर्षं एकाच जागी गोल फिरते आहे. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली त्याच वर्षी, 2013 मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा आला. तेव्हापासून एका बाजूला प्रत्येक नवस अडाणीपणा, आणि दुसऱ्या बाजूला कायद्यावर बोललं की धर्मावर घाला. कायदा वाचला तर गाऱ्हाण्याला तो हातही लावत नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र घालाल तर मात्र गुन्हा. रेघ तिथेच हवी. औषधाच्या शेजारी देव बसला तर बसू द्यावा, आडवा घालू नये. इंग्रज याबाबतीत फार शहाणे आहेत असंही नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात लोकांपुढे करायला बंदी घालणारा कायदा त्यांना 1939 मध्ये करावा लागला. आपला तशाच जाहिरातींवरचा कायदा 1954 चा. तरी लक्ष्मणफळाने कॅन्सर बरा होतो हा मजकूर मला निरनिराळ्या लोकांकडून आलाच, आणि पाठवणारे निम्मे पदवीधर.

आमच्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर ब्रुकवुडचं मोठं कबरस्तान आहे. तिथे टाटांची समाधी आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. नवऱ्याकडे पैसा, माणसं, श्रद्धा, सगळं होतं. त्या काळी औषध नव्हतं. पुढच्या वर्षी दोराबजीही जर्मनीत गेले, पण त्याआधी आपली संपत्ती ट्रस्टच्या हवाली केली आणि मेहेरबाईंच्या नावाने रक्ताच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी निधी उभा केला. परळचं टाटा रुग्णालय त्यांच्याच ट्रस्टने 1941 मध्ये सुरू केलं. ज्याच्या दारातल्या फुटपाथवरून आमचा भाचा दरवेळी भांडतो, तेच. मला या गोष्टीतलं प्रेम पटतं. बायकोवरच्या मायेतून त्या माणसाने परक्यांना प्रयोगशाळा दिली, खाटा दिल्या. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते, तीही त्याच जातीची. दोन्हीकडे 'आपली माणसं' या शब्दाचा घेर नात्याबाहेर गेला, म्हणून काम झालं.

ग्रुपवरच्या 'माणसं' या शब्दाचा घेर मात्र मोजून बघा. सासऱ्याला पक्षाघात झाला, सुनेने नोकरी सोडली. नवऱ्याचं डायलिसिस, बायको रिक्षाने आठवड्यातून दोनदा घेऊन जाते. आमच्याकडची 'माणसं' बहुतेक वेळा एकच बाई असते. मी बायकोचं पाच-सहा महिने केलं तर मला केवढी शाबासकी मिळाली! 'किती करतो हो बायकोचं.' माझ्या आईने वडिलांचं सात-आठ वर्षं केलं, तिला कुणी अवाक्षर म्हटलं नाही. सात जन्मांची गाठ म्हणणाऱ्या समाजाच्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं आणि ते 2019 मध्ये वगळलं गेलं, ही आठवण मी एकदा ग्रुपवर करून दिली. दोघांनी ग्रुप सोडला. आमच्या कुडाळात काही पुरुष वटपौर्णिमेला बायकोसाठी वडाला फेऱ्या मारतात, त्याच्या बातम्या येतात. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्यांना मला एक विचारायचं आहे: बायकोच्या केमोच्या दिवशी तुम्हाला रजा मिळेल का?

कारण सगळी गोम तिथे आहे. इंग्लंडात एप्रिल 2024 पासून घरच्या आजारी माणसासाठी वर्षाला एक आठवडा रजा हा हक्क झाला, तीही बिनपगारी. सहा फेऱ्यांपुढे एक आठवडा म्हणजे काय? माझा साहेब भला निघाला म्हणून निभावलं, आणि माणसाच्या भलेपणावर हे सोडणं मला पटत नाही. महाराष्ट्रातल्या दुकानं-आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा आहे. तीच ताप-सर्दीला, तीच लग्नकार्याला, तीच बायकोच्या केमोला. छोट्या दुकानांना तर तो कायदाही पूर्ण लागू नाही. विधानसभेत कुटुंबव्यवस्थेच्या गौरवावर भाषणं होतात. जोडीदाराच्या गंभीर आजारात महिनाभराची भरपगारी रजा, निम्मी सरकारने सोसलेली, एवढी मागणी कुठल्या पक्षाने उचललेली मला दिसली नाही. मालकवर्ग परवडत नाही म्हणेल. आज ते सुनांना परवडतंय, एवढंच.

सध्या माझ्या मावसभावाची बायको आजारी आहे. तो सावंतवाडीला कपड्यांच्या दुकानात कामाला. उपचार बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. सिंधुदुर्गातली निम्मी दुखणी वर्षानुवर्षं तिकडेच जातात. 2018 मध्ये गोव्याबाहेरच्यांना तिथे पैसे पडू लागले तेव्हा जिल्ह्यात केवढा गदारोळ झाला होता. भावाची रजा संपली आहे. परवा ग्रुपवर पुन्हा तोच परदेशातल्या एकाकीपणाचा मजकूर आला, तेव्हा मी त्याखाली लिहिलं: मंगळवारी बांबोळीला तिच्याबरोबर कोण जाणार? दुपारपर्यंत दोन नावं आली. एक भाचा, एक शेजारी. पुढच्या मंगळवारची जागा अजून रिकामी आहे.