‘दुकानात दिल्यापासून फोनवर हिरवा ठिपका’ : दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

एक स्टार बघून वाईट वाटलं, पण तुमची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चार्जिंग दुरुस्त करून फोन घरी नेल्यापासून वर उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतोय, आम्ही आत काहीतरी टाकलं आणि घरातलं बोलणं ऐकतो, असं तुम्ही लिहिलंय.

आधी आमची चूक. फोनला अँड्रॉइड १२ चं अपडेट आलेलं होतं. काउंटरवरच्या मुलाने ते तुम्हाला न विचारता करून टाकलं. मलाही हे तुमचा रिव्ह्यू वाचून त्याला खोदून विचारलं तेव्हाच कळलं. माफ करा.

ठिपका त्या अपडेटबरोबर आलाय. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून कुठल्याही अ‍ॅपने माइक किंवा कॅमेरा घेतला की तिथे आधी छोटं चिन्ह उमटतं, मग त्याचा ठिपका होतो. तुमच्या आधीच्या ११ मध्ये ही सोय नव्हती. म्हणजे एखादं अ‍ॅप पूर्वीपासून माइक घेत असेल, तरी ते दिसायला लागलंय आत्ता.

कोणतं ते तुम्हीच बघा. ठिपका असताना वरून पट्टी खाली ओढा, हिरव्या चिन्हावर टॅप करा, नाव येईल. ठिपका गेला असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, प्रायव्हसी डॅशबोर्ड, मायक्रोफोन. गेल्या २४ तासांत कोणी कधी माइक घेतला, ते वेळेसकट दिसतं. तुम्ही व्हॉइस मेसेज पाठवलात त्या वेळेला व्हॉट्सअ‍ॅप दिसलं तर ठीक. टॉर्चचं अ‍ॅप दिसलं तर तिथूनच त्याची परवानगी काढा. टॉर्चला माइक कशाला हवा?

फोन घेताना आम्ही लॉक उघडायचा पॅटर्न मागितला त्याचं कारण: तुमच्या मॉडेलमध्ये खालचा माइक चार्जिंगच्या सीसी बोर्डावरच (चार्जरची पिन जिथे बसते ती छोटी सर्किटची पट्टी) असतो. बोर्ड बदलला की आम्ही रेकॉर्डर लावून ‘हॅलो, एक दोन तीन’ म्हणतो आणि परत ऐकतो. डॅशबोर्डातली ती नोंद आता पाच दिवसांनी मिळणार नाही, पण मुलाने फाइल पुसली नसेल तर रेकॉर्डरमध्ये त्याचाच आवाज सापडेल. यापुढे ही टेस्ट गिऱ्हाइकाच्याच हाताने करून घेऊ.

सोमवार सोडून कधीही या, तुमच्यासमोर सगळं उघडून बघू. काढलेला जुना बोर्ड तुमच्या नावाच्या पाकिटात ठेवलाय, तोही घेऊन जा.