दुप्पट स्पीडचं प्रेम

लातूर, बीड, परभणी, नांदेड, कुठंही जा. गल्लीत एक तरी पोरगं 'गाणं काढायलंय'. गाणं तीन मिनिटांचं. ते निघेपर्यंत आम्हा रेकॉर्डिंग-एडिटिंगवाल्यांचा जो जीव निघतो, त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

पहिलं भांडण पंख्याशी. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, वर पत्रे, आणि कंडेन्सर माइक असा की गायकाआधी पंखाच टिपतो. म्हणून पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. आवाज घुमू नये म्हणून घरातल्या वाकळी टांगायच्या. त्या सगळे माइकच्या मागं टांगतात आणि तिथंच फसतात. माइक ऐकतो समोरचं, म्हणजे गायकाच्या पाठीमागच्या भिंतीवरून आपटून आलेलंही. वाकळ त्या भिंतीला हवी. माइकपासून तोंड एक वीतभर लांब, मधे तोंडाची हवा अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर, नाहीतर 'प्रेम' म्हणताना दर वेळी फटाका फुटतो. एवढं जमवून टेक रंगात आला की लाईट जाते. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, गायकाच्या मूडला नसतो.

मग हलगी. सॅम्पलची, म्हणजे कॉम्प्युटरातली तयार हलगी इकडं कुणाला पटत नाही, खरी लागते. खरी हलगी जाळावर शेकावी लागते, कातडं ताणलं की कडक बोलते. पावसाळी हवेत ती पुन्हा उतरते, त्यामुळं पहिल्या कडव्याची हलगी तिसऱ्या कडव्याशी जुळत नाही. उपाय एकच, दर टेकआधी शेकणं. आमच्या स्टुडिओचा अंगणातला जाळ बघून शेजारी विचारतात, 'आज हुरडा हाय का?'

बाकी संगीत, म्हणजे तयार बीट, नेटवरून फुकट उतरवलेलं असतं. फुकट म्हणजे ऐकायला फुकट. बीट विकत घेतली तरी साधी लीज, म्हणजे नुसती वापरायची परवानगी असेल तर तीच बीट आणखी दहाजणांकडं असते. त्यातल्या कुणी स्वतःचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत टाकलं असलं, की अपलोड करताच आपल्यावर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा. गाणं काढणारा भाऊ म्हणतो, 'चाल तर मपली हाय!' चाल असेल. खालची बीट दहाजणांची.

व्हिडिओची खरी गंमत स्लो मोशनमध्ये आहे. केस उडाले पाहिजेत, ओढणी तरंगली पाहिजे आणि ओठ मात्र गाण्यावर हलले पाहिजेत. त्यासाठी शूट सेकंदाला 50 फ्रेमनं करून 25 नं चालवायचं, आणि शूटच्या वेळी गाणं दुप्पट स्पीडनं वाजवायचं. भर दुपारी सोयाबीनच्या पट्ट्यात स्पीकरमधून उंदरासारखा किचकिच आवाज येतोय, हिरो जबडा गहाण ठेवल्यागत भराभर ओठ हलवतोय आणि हिरॉईन माश्या हाकलल्यासारखे हात फिरवतेय. शेतमालक बांधावर उभा. 'आरं, ह्यांला काय चावलं का?' हेच पुढं पडद्यावर हळुवार प्रेम म्हणून दिसतं. एडिटरला मात्र पुढं गोड शॉट दिसला की मूळ किचकिच आठवते.

रात्रीचा शॉट असेल तर कॅमेऱ्याचं शटर 1/100 सेकंदाला ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर जुळलं नाही की हिरॉईनच्या तोंडावरून पट्टे सरकतात. आणि ड्रोन! देवगिरी, बीबी का मकबरा, वेरूळ ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याची. तिथं परवानगीशिवाय शूटिंग नाही, ड्रोन तर विसराच. मग ड्रोन उडतो मामाच्या शेततळ्यावर. शेततळ्याला गाण्याशी काही देणंघेणं नसतं, पण ड्रोनचं भाडं दिलेलं असतं.

गाणं यूट्यूबवर येतं तेव्हा पहिले पंचवीस सेकंद लोगो, हात जोडलेले साहेब आणि 'विशेष आभार'. किती जण बघत टिकले ते दाखवणारा ॲनालिटिक्सचा आलेख तिथंच कड्यावरून उडी घेतो. सांगून पाहा, आभारातलं एक नाव कमी होत नाही. व्हिडिओला पैसे त्यांनीच दिलेले असतात. खाली कमेंटी मात्र 'एकच नंबर भावा', टाकणारे बहुतेक आभारातलेच. जाहिरातीच्या पैशांसाठी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास व्हिडिओ पाहिलेला लागतो. तीन मिनिटांचं गाणं 80,000 वेळा अथपासून इतिपर्यंत कुणी पाहिलं, तर ते तास भरतात. आभारातली माणसंसुद्धा स्वतःचं नाव आलं की बंद करतात.

खरी परीक्षा हळदीच्या डीजेवर. मोबाइलवर 45 हर्ट्झचा, म्हणजे फार खोल बेस वाजतच नाही, म्हणून 'बेस कुठाय?' करत भाऊनं तो वाढवून घेतलेला. डीजेवर त्यानं शेजारच्या घरातली भांडी खाली येतात. गायकाचा आवाज 'मोठा वाटावा' म्हणून स्टिरिओत, डाव्या-उजव्या बाजूंना फाकवलेला असतो. डीजेवाला डावं-उजवं एक करून मोनो वाजवतो, दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात आणि गायक गायब. फायनल देण्याआधी मोनोचं बटण दाबून ऐकवलं तर हेच भाऊ म्हणतात, 'ह्यात आवाज बारीक वाटायलाय, पहिलंच द्या.' ते देतो. हळदीत नुसता बेस आणि हलगी वाजते, पोरं बेभान नाचतात आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'लई भारी चाललं! आता बिनशब्दाचं डीजे व्हर्जन काढा.'